ठाण्याहून पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा टेम्पोत सामान चढवून तू परळला गेलीस आणि आपलं भांडण जिन्यातच राहिलं. "ठाणं म्हणजे मुंबईवाल्यांची झोपायची खोली" हे तुझं वाक्य लागलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचतंय. आधी एवढंच, की दम्याचा पंप पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेव.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती कुठे आली? ठाण्याला. चौदा डबे, चारशेच्या आसपास माणसं, तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. मुंबईकर नुसतं सुटल्याचं कौतुक सांगतात. पोचली कुठे, ते कुणी विचारत नाही.

मी एकतीस वर्षं व्हीटीला नोकरी केली ती इथे राहूनच. ठाणा लोकल इथूनच सुटते, खिडकी मिळायची. वाशीला जायचं तर २००४ पासून वेगळी गाडी. गडकरीतलं नाटक सुटलं की नानीला घेऊन मासुंदा तलावाला एक फेरी मारून रिक्षा न करता घरी येतो. ग्रंथसंग्रहालय तर १८९३ चं. तुझी वर्गणी अजून मीच भरतोय, हे तुला माहीत नसेल.

आणि येऊर. तू चौथीत होतीस, डॉक्टर म्हणाले सकाळी चालवा. उपवनवरून चढाला लागायचो. पहिल्या वळणावर तू थांबायचीस, हात गुडघ्यांवर, छातीत शिट्टी. मी पंप हलवून द्यायचो आणि तू श्वास धरून बोटांवर दहा मोजायचीस. दहाव्या बोटाला डोळे बटाट्याएवढे. ज्या दिवशी न थांबता वर पोचलीस, त्या दिवशी मी बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी सुटलेली नव्हती.

आता इथली हवाही तशी राहिली नाही, कबूल. घोडबंदरला जाऊन आलो की रुमाल काळा होतो. पण तुझ्या त्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. मी हात लावला तर पोपडा हातात आला. पलंग भिंतीपासून लांब घे. पावसाळ्याआधी मालकाकडून काम करून घे, तोंडी नको, लिहून दे. माणसाने घर घेताना आधी भिंती बघाव्यात, भाडं नंतर...

झालं सुरू माझं. माफ कर. तीन मुलाखती देऊन ही नोकरी तू मिळवलीस, मला न विचारता. दिगूला फोन करून मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "भाऊ, कालच सांगितलंत."

रात्री शिट्टी वाजली तर फोन कर. किती वाजलेत ते बघू नकोस.

तुझ्या टेबलाच्या खणात जुना पंप सापडला. हलवून पाहिला, किती फवारे उरलेत कळत नाही. रविवारी येणार असशील तर नवा आणून ठेवतो. नसशील तर मीच येतो घेऊन. स्लो गाडीने, बसून.

तुझा,
बाबा