पिल्लांच्या पावतीवर लसीची नोंद हवी

महोदय,

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे वर्षानुवर्षे मिसळली जातात, ती रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिऑसिसला, आवर घालण्यासाठी. हा रोग आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि तो परजीवी या औषधांना हळूहळू सरावतो. त्यामुळे अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीचा आपल्याकडेही गांभीर्याने विचार व्हावा, असे मला वाटते. तेथे पिल्लू बाहेर येण्यापूर्वीच, अंड्यातच, या रोगाची लस दिली जाते.

एकवीस दिवसांच्या उबवणीत अठराव्या दिवसाच्या सुमारास अंडी सेटरमधून, म्हणजे उबवण्याच्या यंत्रातून, हॅचरमध्ये, म्हणजे पिल्ले बाहेर पडण्याच्या यंत्रात, हलवली जातात. त्याच वेळी यंत्राच्या सुईने कवचाला बारीक छिद्र पाडून लस गर्भाभोवतीच्या द्रवात सोडतात. पिल्लू बाहेर पडण्याआधी तो द्रव गिळते आणि लसीतील जिवंत परजीवी थेट आतड्यात पोहोचतात. कोंबड्यांच्या मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस अशा रीतीने अंड्यात देता येते, हे शर्मा आणि बर्मेस्टर या संशोधकांनी 1982 मध्ये दाखवून दिले होते. पिल्लांवर लस फवारली तर कोणाच्या पोटात किती गेली याचा भरवसा नसतो. येथे प्रत्येक अंड्याला ठरलेली मात्रा मिळते.

मात्र या लसीचे निम्मे काम शेडमध्ये होते. पिल्लाच्या विष्ठेतून बाहेर पडलेल्या परजीवींच्या अंडपुटी, म्हणजे त्यांची कवचातली सूक्ष्म अवस्था, जमिनीवर अंथरलेल्या तुसात (लिटरमध्ये) पक्व होतात, पिल्ले त्या पुन्हा टिपतात, आणि अशी दोन-तीन आवर्तने झाल्यावरच प्रतिकारशक्ती पक्की होते. पक्षी पस्तीस ते बेचाळीस दिवसांत विक्रीला जात असल्याने सुरुवातीचा एकेक दिवस मोलाचा आहे. तूस फार कोरडे असेल तर अंडपुटी पक्व होत नाहीत. पिण्याच्या पाण्याचे निप्पल गळून लिटरची ढेकळे झाली, तर त्या इतक्या वाढतात की लस दिलेल्या बॅचमध्येही रोग उद्भवू शकतो. पावसाळ्यात कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे शेतकरी लिटर कोरडे ठेवण्यासाठी किती झटतात, हे मी जवळून पाहिले आहे. शिवाय खाद्यात कॉक्सिडिऑसिसचे औषध मिसळलेले असेल, तर ते लसीतील परजीवींनाही मारते.

करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य दोन्ही कंपनी देते. शेतकऱ्याच्या हाती शेड, पाणी आणि लिटर एवढेच उरते. अंड्यात काय टोचले आणि पोत्यात काय मिसळले, हे त्याला कळलेच नाही, तर त्याने लिटर सांभाळायचे तरी कशाच्या आधारावर? मरतूक वाढली की कपात त्याच्याच संगोपन शुल्कातून होते, हा अन्याय मला फार खुपतो. म्हणून पिल्लांच्या पावतीवर लसीचे नाव, ती देण्याची पद्धत आणि तारीख, तसेच खाद्याच्या पोत्यावर त्यातील औषधाचे नाव मराठीत छापणे बंधनकारक करावे, अशी माझी राज्याच्या पशुसंवर्धन विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक, सांगली