मेस्त्रीकाका, ती गुलाबी वायर मीच काढली होती

मेस्त्रीकाकांस,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव घातलंस तर परत तुझ्या मशीनला हात लावणार नाही," अशी तंबी मिळालीय, आणि हंगाम अजून संपायचाय. देवबागेत तुम्ही कोण हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की आमच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे लावलेल्या मशीनची, शिट्टी कशी थांबली याबद्दलचे हे आभार. आणि थोडी कबुलीही, कारण हे पत्र वडीलही वाचणार आहेत.

दिवाळीनंतर मशीनला तो नाद लागला. कर्लीच्या खाडीत हळूहळू फिरलो तर काही नाही. संगमाच्या पुढे जाऊन थ्रॉटल वाढवला, की दहाएक मिनिटांत बझर सुरू आणि मशीन आपोआप मंद. पहिल्यांदा झालं तेव्हा होडीत कोल्हापूरचं कुटुंब होतं. ओहोटी लागलेली, मुखावर लाटा फुटतायत, आणि पायाशी ती किंचाळी. मी मशीन बंद करून नांगर टाकला. आजीबाईंनी ज्योतिबाच्या नावानं चांगभलं म्हटलं. पंधरा मिनिटांनी मशीन गपचूप चालू झालं, म्हणून मीही गपचूप किनारा गाठला.

आमच्या मशीनला ऑइल कमी झालं तरी आणि सिलिंडरचं डोकं तापलं तरी एकच बझर वाजतो. ऑइलचा डबा बघितला, तर भरलेला. मशीन थंड करणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार बघितली, तर बोटभर जाड. जेटीवर पाच माणसं जमली नि पाचही जण म्हणाले, "पाणी मारतंय ना? मग सेन्सर गेला." मलाही तेच ऐकायचं होतं. कव्हर काढलं, सिलिंडरच्या डोक्यावरच्या स्विचला जाणारी गुलाबी वायर उपटली, टोकाला काळी टेप गुंडाळली. चार दिवस शांततेत फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी करपल्यासारखा वास आला, तेव्हा तुम्हाला फोन केला. वायरीचं काही बोललो नाही.

तुम्ही आलात, कव्हर उचललंत. ती टेप तुम्हाला पहिल्या नजरेत दिसली असणार. वडील बाजूलाच वल्हं टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "ही वायर कोणी काढल्यान?" तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. "असांदे," म्हणालात, टेप सोलून खिशात टाकलीत आणि वायर जागेवर लावलीत. हत्यारांची पेटी त्यानंतर उघडलीत.

मग पिंपात मशीन चालवून तुम्ही डोक्यावर बोटांनी पाणी शिंपडलंत. थेंब ओघळले नाहीत, चर्र करून उडाले. म्हणजे बझर खरं सांगत होता. "पाणी मारता ता बघलंस. पण डोक्यातसून फिरता काय?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या मशीनमध्ये मागच्या धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे मशीन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, अलीकडूनच बाहेर पडतं. धार जाड म्हणजे खालचा पंप ठीक, एवढंच. वर थर्मोस्टॅट मिटून बसला असेल, तर धार तशीच पडते आणि डोकं भाजत राहतं. इतकी वर्षं मी त्या धारेकडे बघून निर्धास्त होतो!

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट खाऱ्या पाण्यानं जाम झालेले. मी असतो तर पाना लावून लोंबकळलो असतो आणि बोल्ट अॅल्युमिनियमच्या डोक्यात मोडून ठेवला असता. तुम्ही तेल सोडलंत, हातोडीनं हलकेच टकटक केलंत आणि घरी निघून गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा टकटक. तिसऱ्या दिवशी सकाळी ते असे सुटले, जसे काल लावले होते. आत पांढरं मीठ आणि बारीक रेती, चिंचेच्या बरणीच्या बुडासारखी.

मग आमच्या स्वयंपाकघरात जे केलंत, ते बायको अजून सगळ्यांना सांगते. थर्मोस्टॅटची झडप किंचित उघडून तिच्यात कांडाळीचा तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) अडकवलात, आणि त्या दोऱ्यावर तो चहाच्या पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडलात. पाणी तापून झडप उघडली, की तो दोरा सोडून खाली पडायला हवा. थर्मोस्टॅटवर उघडायचं तापमान 52 अंश कोरलेलं. बायको तापाचा थर्मामीटर घेऊन आली, तो 42 च्या वर जात नाही हे लक्षात आल्यावर परत घेऊन गेली. पाण्याला वाफ आली, बुडबुडे आले, शेवटी खळखळून उकळी आली, तरी पठ्ठ्या दोऱ्याला लटकलेलाच. नवीन आणलेला तसाच सोडला, तर वाफ दिसते न दिसते तोच टुप्पकन पातेल्यात.

त्याच पाण्यात तुम्ही डोक्यावरचा स्विचही बुडवलात, मल्टिमीटर लावून. गार असताना गप्प, उकळत्या पाण्यात टीं, बाहेर काढून निवला की पुन्हा गप्प. ज्याला मी गेला म्हणून घोषित केलं होतं, तो बिचारा अगदी ठणठणीत होता.

पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, इंपेलर, तेही बदललात, त्याची पाती रेतीनं घासून वाकली होती. जाताना मशीन धुण्याबद्दल बोललात, ते मात्र मनाला लागलं. मी रोज संध्याकाळी पिंपात दोन मिनिटं मशीन फिरवून मोकळा व्हायचो. थंड मशीनचा थर्मोस्टॅट मिटलेला, म्हणजे गोडं पाणी वर पोचतच नव्हतं. मीठ आतच मुरत होतं. आता मशीन गरम होऊन झडप उघडेपर्यंत आणि वर आणखी दहा मिनिटं चालवतो. पावसाळी बंदीच्या काळात मशीन उतरवून ठेवण्याआधी तर अर्धा तास.

बाबा, ती वायर मी काढली होती. मेस्त्रीकाकांना माहीत होतं.

काका, मजुरी म्हणून तुम्ही सहा बांगडे नेलेत आणि थर्मोस्टॅटची पावती तेवढी हातात दिलीत. यावर मी भांडणार आहे, पण समोरासमोर. बझर आता फक्त चावी फिरवल्यावर एकदा वाजतो, ते ऐकलं की बरं वाटतं. ते पातेलं बायकोनं माझ्या हत्यारांत टाकून दिलंय, त्यावर खिळ्यानं "मशीन" असं कोरलंय. तेव्हा बिनधास्त या, चहा दुसऱ्या पातेल्यात होईल.

तुमचा,
टेपवाला