पिकअपचा सुटा भाग बदलण्याआधी

संपादक महोदय,
स. न.

वाहनांविषयीच्या मजकुरात डिझेल पिकअपला जागा मिळते ती नवे मॉडेल आले की. गाडी जुनी झाली, चढाला ओढेना, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, की मालकाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर लावा आणि दोषाचा कोड येईल तो भाग बदला. कॉमन रेल, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनांत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो याच सल्ल्यापायी, असे दुरुस्तीचे काम करणाऱ्या आम्हा कारागिरांचे मत आहे. म्हणून पत्र थोडे लांबले तरी तपशिलात लिहीत आहोत.

पी-००८७ हा कोड घ्या. रेलमध्ये ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) मागितला तेवढा दाब तयार होत नाही, एवढेच तो सांगतो. आता दाब का पडतो याची कारणे टाकीपासून पुढे मोजत या. टाकीतली जाळी तुंबलेली असेल, टाकीत हवा यायची वाट बंद झालेली असेल, सक्शन लाइन कुठेतरी हवा ओढत असेल, डिझेल फिल्टर चोंदला असेल, फीड पंप कमजोर असेल, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असेल, रेलवरचा लिमिटिंग व्हॉल्व्ह गळत असेल, एखादा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) रिटर्नमध्ये, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, भरमसाट डिझेल सोडत असेल, किंवा सेन्सरच्या वायरीत गडबड असेल. हाय प्रेशर पंपाचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो. बिलात मात्र तो बहुधा पहिला असतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, या तक्रारीचा तपास बॅटरीपासूनच करावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग पाहा. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारावा; ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. पिकअपच्या चासीखाली चिखल आणि पाणी सतत उडते, त्यामुळे हा दोष फार आढळतो आणि फार क्वचित तपासला जातो. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे.

बॅटरी चांगली असेल तर स्कॅनर लावा, पण कोड वाचण्यापेक्षा सेल्फ मारतानाचे चालू आकडे वाचा. दोनच आकडे पुरतात: इंजिनाचे फेरे आणि रेलचा दाब. सेल्फ फिरतोय आणि फेरे शून्य दिसताहेत, तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा सेन्सर आणि दातेरी चक्रातले अंतर. फेरे दिसताहेत पण दाब ८०-१०० बारवर अडकलाय, तर दोष डिझेलच्या बाजूला आहे. बहुतेक प्रणालींत दाब साधारण २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. फेरेही आहेत, दाबही आहे, तरी इंजिन पकडत नाही, तर कॅम-क्रँकचा मेळ, इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) आणि शेवटी कॉम्प्रेशन या क्रमाने जावे. बाहेर कडक ऊन असताना गाडी सुरू होत नसेल तर थंड इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगवर संशय घेण्यात अर्थ नाही. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला त्या तापमानात त्यांची गरज जवळपास नसते.

डिझेलची बाजू तपासायला महागडे उपकरण लागत नाही. फिल्टरच्या तळातून काचेच्या बरणीत थोडे डिझेल काढा आणि काही मिनिटे ठेवून द्या. पाणी असेल तर खाली बसते आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. हवा शिरते का हे पाहायला फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप जोडावा. त्यातून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली तर फिल्टरची सील, हँड प्रायमर आणि रबरी पाइपांचे सांधे तपासा. अशा सांध्यातून डिझेल बाहेर गळतेच असे नाही. ती बाजू ओढीची असल्याने हवा आत जाते आणि बाहेरून सगळे कोरडे दिसते. फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबून हवा काढावी; इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावी. सेल्फ मारून हवा काढण्याची सवय वाईट. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचेच असते, त्यामुळे कोरडा फिरला की त्याचे भाग घासतात.

घासलेल्या पंपाचा चुरा ही सर्वांत महाग भानगड. मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर पाहा आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चंदेरी चमक दिसली तर नुसता पंप बदलून भागत नाही. चुरा रेल, इंजेक्टर आणि रिटर्नवाटे टाकीपर्यंत पोहोचलेला असतो. तेव्हा टाकी व लाइन धुणे आणि पंप, रेल, इंजेक्टर व हाय प्रेशर पाइप यांचा एकत्र विचार करणे भाग पडते. अर्धे काम केले तर उरलेला चुरा नवे भागही खातो.

इंजेक्टरचा दोष शोधायला रिटर्नची चाचणी सर्वांत बोलकी. इंजिन गरम करा, प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाइप काढून तिथे सारख्या मापाच्या बाटल्या जोडा आणि तीन ते पाच मिनिटे आयडलवर चालू ठेवा. चारही बाटल्यांत कमी-जास्त पण जवळपास सारखे डिझेल आले तर ठीक. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आले तर तो इंजेक्टर आतून गळतोय. गाडी सुरूच होत नसेल तर हीच चाचणी सेल्फ मारून करता येते. काही पायझो इंजेक्टरांना रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो, त्यांची परीक्षा उघड्या बाटलीत होत नाही. तिथे कंपनीच्या पद्धतीनेच जावे.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. जुन्या इंजिनांत मिसिंग मारणारा सिलिंडर शोधायला चालू इंजिनात नोझलच्या पाइपचा नट ढिला करत असत. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नये. भाराखाली रेलचा दाब १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत पेशी सडू लागतात. असे झाले तर दुखत नसले तरी तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. गळती शोधायला हाताऐवजी पुठ्ठा फिरवावा, आणि लाइन उघडण्याआधी इंजिन बंद करून किमान दहा मिनिटे थांबावे.

इंजेक्टर बसवतानाचा निष्काळजीपणाही पुन्हा तीच तक्रार घेऊन येतो. खालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा आणि जुना भोकात चिकटून राहिला नाही ना हे पाहावे. दोन वॉशर एकावर एक बसलेले अनेकदा सापडतात. बैठक स्वच्छ नसेल तर कॉम्प्रेशन वर फुटते, ‘छुक-छुक’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. क्लॅम्पचा बोल्ट ताणला जाणाऱ्या प्रकारातला असेल तर तोही नवा, आणि पाना टॉर्कचाच. इंजेक्टरवर कोरलेला अक्षरे-अंकांचा कोड ईसीयूमध्ये भरला नाही तर नवा इंजेक्टर असूनही इंजिन खडखडते आणि धूर मारते.

गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते तेव्हा डिझेल जास्त की हवा कमी, एवढाच प्रश्न असतो, आणि दहांतल्या बहुतेक वेळा हवा कमी असते. एअर फिल्टर काढून पाहणे फुकट आहे. मग टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे होज. फाट बहुधा होजच्या खालच्या अंगाला, जिथे तो कशाला तरी घासतो तिथे असते. आयडलवर ती मिटलेली राहते आणि दाब आला की उघडते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून रेग्युलेटरने ०.७ ते १ बार हवा सोडावी आणि साबणाचे पाणी मारावे. फेस सांगतो ते स्कॅनर सांगत नाही. टर्बोचा दाब कमी पडतो असे सांगणाऱ्या पी-०२९९ कोडवर टर्बो बदलण्याआधी ही पंधरा मिनिटांची चाचणी झाली पाहिजे. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल. तो वेगळा असेल तर सेन्सरच खोटे बोलतोय.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला तर आडवी किंचित ढिलाई चालते, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे मात्र हाताला जाणवेल एवढी हालचाल नको. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारी ही वस्तू सहसा स्वतःहून मरत नाही. ऑइलचा पुरवठा पाइप कोळशाने चोंदलेला असतो किंवा खाली जाणारा पाइप अडलेला असतो. ते दोन्ही न बदलता नवा टर्बो चढवला तर तोही त्याच वाटेने जातो. बसवताना तोंडात स्वच्छ ऑइल भरावे, आणि सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलवरच ठेवावे.

पांढऱ्या धुराचा वास घ्यावा लागतो. डोळ्यांना झोंबणारा असेल तर ते न जळलेले डिझेल: हीटर प्लग, कमी कॉम्प्रेशन किंवा नोझल. गोडसर वास आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग). दुसरी शक्यता विसरली जाते आणि हेड विनाकारण उतरवले जाते. ईजीआर कूलर आधी सुटा करून दाबाने तपासा. निळा धूर ऑइलचा. ऑइलचे झाकण उघडल्यावर भपकारे येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरचा दाब खाली गळणे, असू शकते, पण त्यावरून लगेच इंजिन खोलू नये. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबल्यानेही तसेच होते आणि टर्बोतून ऑइलही फेकले जाते. हीटर प्लग मल्टिमीटरने, वायर सोडवून, थंड असताना तपासावेत: साधा १२ व्होल्टचा प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. सिरॅमिक प्लगला थेट १२ व्होल्ट लावू नयेत, ते कमी व्होल्टेजचे असतात आणि जळतात.

काजळीच्या फिल्टरची, म्हणजे डीपीएफची, तक्रार बहुधा दुसऱ्याच दोषाची सावली असते. आतली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळते. सतत छोट्या फेऱ्या असतील तर ते तापमान गाठलेच जात नाही. पण फाटका बूस्ट होज, अडकलेला ईजीआर किंवा टपकणारा इंजेक्टर तसाच ठेवून डीपीएफ धुऊन आणला तर तो लवकरच पुन्हा भरतो. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल, जळण अर्धवट राहिले की, सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमालच्या खुणेच्या वर चढलेले दिसले तर आनंद मानू नका, ऑइल ताबडतोब बदला. गाडी सुक्या गवतावर उभी करून काजळीचे हे जळण कधी चालवू नये. फिल्टर पोकळ करून देणारे भेटतात. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि मूळ दोष तसाच राहतो.

गरम होण्याबद्दल थोडक्यात. रेडिएटर आतून पाहण्याआधी बाहेरून पाहा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत चिखल आणि किडे दाबून बसतात. पाण्याचा फवारा मागून, इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाने मारावा. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे, इंजिन थंडच राहते आणि जास्त काजळी करते.

शेवटचा मुद्दा जिवाचा. टर्बोची सील गेली की इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून पळत सुटते, चावी बंद करूनही थांबत नाही आणि फेरे चढतच जातात. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. नाहीतर हवेचे तोंड जाड फळीने झाकावे. हात, कापड किंवा हातमोजा लावू नये, ते आत ओढले जाते. दोन्ही जमत नसेल तर लांब उभे राहावे.

आपल्या वाचकांना एवढेच सुचवतो की पिकअप दुरुस्तीला देताना मोठा भाग बदलण्याच्या आधी लेखी मागावे: सेल्फ मारताना रेलचा दाब किती आला, रिटर्नच्या बाटल्यांत किती किती डिझेल आले, बूस्टची गळती तपासली का आणि काढलेला जुना भाग कुठे आहे. हे आकडे देणारा कारागीर काम उरकायला थोडा जास्त वेळ घेईल आणि तपासणीचे वेगळे पैसे मागेल. ते द्यावेत.

आपले,
डिझेल वाहनांची दुरुस्ती करणारे काही कारागीर