पट्टी मुलांच्या गळ्याची हवी

महोदय,

दूरचित्रवाणीवरील बालगायन स्पर्धांत सर्वाधिक चुकते ती पट्टी, म्हणजे गाणे ज्या मूळ स्वरावरून गायचे त्याची उंची. मोठ्या गायकाच्या पट्टीतलाच ट्रॅक (ध्वनिमुद्रित साथ) लावतात. तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, मुलाचा गळा ताणला जातो, सूर उतरतो आणि शेरा मिळतो ‘बेसूर’. चूक मुलाची नसतेच! गाण्यातला सर्वांत वरचा स्वर सहज लागेपर्यंत ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली आणावा. १२-१४ व्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो, तेव्हा पट्टी दर आठवड्याला तपासावी.

२०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त काम देता येत नाही. उत्पन्नाचे किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत जातात. रीटेकसाठी ताटकळणेही या तासांतच मोजावे.

– काही गायनशिक्षक