काळाच्या नावावर किती खपवणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत अभिजात साहित्यावरचा पानभर लेख वाचला. लेखकाचं वाचन दांडगं आहे, भाषाही गोड. पण ‘काळ हाच खरा समीक्षक’ हे पालुपद त्यांनी इतक्या वेळा आळवलंय की राहवलं नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

‘मर्ढेकरांना काळाने न्याय दिला’ असं एक वाक्य त्यात आहे. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आला, अश्लीलतेचा खटला झाला, कवी कोर्टात उभा राहिला आणि शेवटी निर्दोष सुटला. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९५६ चा, तो मृत्यूनंतर, आणि कवितेला नाहीच, ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथाला. मधल्या वर्षांत कोणी ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या कवितेतल्या उंदरांवरून टिंगल केली, कोणी बाजू घेऊन लेख लिहिले, कोणी वर्गात ती कविता पोरांना समजावून सांगितली. न्याय मिळाला तो या भांडणातून. भांडणाऱ्यांपैकी एकाचंही नाव लेखात नाही.

आता आमच्या विदर्भाचं बोलतो, कारण लेखकमहाशयांना तो आठवला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. पुरुषी दुटप्पीपणावर झोड उठवणारं त्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. त्यावर टीका झाली तेव्हा १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून बाईंची बाजू घेतली. पुढे सगळं सामसूम. बाईंचं दुसरं पुस्तक नाही, साहित्याच्या चर्चेत नाव नाही. अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापून आणलं १९७५ साली. म्हणजे मधे ९३ वर्षं गेली! काळ एवढा मोठा समीक्षक, तर इतकी वर्षं तो करत काय होता? मालशांच्या हाती प्रत लागली नसती तर आज विद्यापीठात हे पुस्तक शिकवतात ते कुठून शिकवलं असतं? चक्रधरस्वामींच्या आठवणींचा जुना मराठी गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’, त्याचंही तेच. महानुभाव पंथीयांनी मठांमधून सांकेतिक लिपीत पोथ्या शतकानुशतकं जपल्या, मग नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी आणि वि. भि. कोलत्यांनी, या अभ्यासकांनी, त्यांवर आयुष्यं घातली, तेव्हा कुठे ते तुमच्या-आमच्या हाती आलं. आज मराठीच्या अभिजात दर्जाचा अभिमान मिरवताना आपण त्याच ग्रंथाचं नाव पहिल्यांदा घेतो.

हे सगळं एवढ्या तळमळीने लिहितोय, त्याला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाने ‘जागा मोकळी करायची’ म्हणून मासिकांचे बांधीव खंड विकायला काढले. पडवीत कबाडीवाला काटा मांडून बसला होता. पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा, म्हणून तो एकेक खंड गुडघ्यावर धरून पुठ्ठा टरकावत होता. शिवण सुटून पानं फरशीवर पसरत होती. त्यात पुस्तकांची परीक्षणं होती, त्या परीक्षणांवर चिडलेल्या वाचकांची पत्रं होती. मी कार्यालयात जाऊन विनवलं. उत्तर मिळालं, “काका, कोणी मागतच नाही हो. आणि पुस्तकं तर आता मोबाइलवर पण भेटतात.”

पुस्तक भेटेल. पण ते नवं असताना लोक त्याला काय म्हणाले, हे कुठे भेटणार?

त्याच ढिगात कवी ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ या संग्रहाची एक जुनी प्रत होती. ग्रेस आमच्या नागपूरचेच, इथेच त्यांनी शिकवलं, आणि ‘दुर्बोध’ हा शिक्का जन्मभर त्यांच्या कपाळी राहिला. अकादमीचा पुरस्कार २०११ चा, आणि २०१२ च्या मार्चमध्ये ते गेले. ती प्रत मी उघडली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी. सुरुवातीला शिक्के तुरळक, दोन शिक्क्यांमध्ये वर्ष-वर्षाचं अंतर. पुढे मात्र ते इतके दाटलेले की पहिल्या चिठ्ठीवर दुसरी डकवावी लागली होती. एका कवितेच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अर्थ?’ त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्याच कोणाचं अक्षर, ‘मोठ्याने वाचा.’ पन्नास वर्षांत नागपूरच्या वाचकाने ग्रेस कसा पचवला, याचा याहून पक्का पुरावा कोणत्या प्रबंधात असेल असं मला वाटत नाही. आणि तो किलोच्या भावाने चालला होता. ती प्रत मी पैसे देऊन घरी आणली. बाकीचा ढीग माझ्या डोळ्यांदेखत हातगाडीवर चढला.

थोडं तुमच्याबद्दलही. पूर्वी तुमच्या पुरवणीत एकेका पुस्तकावर अर्धं पान परीक्षण यायचं. परीक्षकाचं पटलं नाही की पुढच्या आठवड्यात वाचक तुटून पडायचे, तुम्ही तेही छापायचे. आता मुखपृष्ठाचा फोटो, पानं, किंमत आणि ‘संग्रही असावे असे’. आज आलेल्या पुस्तकाबद्दल आजचा वाचक काय म्हणाला, हे पन्नास वर्षांनी कोणाला पाहायचं असेल तर तुमच्या अंकात त्याला काय सापडणार? माझं मागचं पत्रही तुम्ही निम्मं कापलंत. हे पत्र कापायचं झालं तर मर्ढेकरांचा भाग कापा, वाचनालयाचा ठेवा.

माझ्या दोन मागण्या आहेत. परीक्षणाचं अर्धं पान परत सुरू करा. आणि तुमच्या कार्यालयात जुन्या अंकांच्या ज्या फायली असतील, त्या महिन्यातून एक दिवस तरी वाचकांना बसून पाहू द्या. आमच्यासारखे निवृत्त लोक त्यांची सूची करायला फुकट येतील, यादी मी देतो. त्या फायलींनाही वाळवी लागली असेल किंवा त्याही काट्यावर गेल्या असतील, तर तसं स्पष्ट छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
महाल, नागपूर