कंटाळा येतो का म्हणे!

प्रिय शिल्पे,

परवा फोनवर तू ऑपरेशन थिएटरच्या गडबडीत होतीस म्हणून नीट बोलता आलं नाही, पण "तुला तिथे कंटाळा नाही का गं येत" हे जे विचारलंस ना, ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक पत्र. निवांत वाच, ड्यूटीवर नको.

घरच्यांना अजून वाटतं की चांगली रँक आली नाही म्हणून मी एमडीला अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, घेतली. आत्या तर दर वेळी विचारते, पेशंट कधी बघणार? मी सांगते रोजच बघते, फक्त ते तक्रार करत नाहीत. तिला हा जोक अजिबात आवडत नाही, असो.

फर्स्ट इयरला आठवतंय ना, एका टेबलाभोवती एवढी गर्दी की पुढच्या दोघातिघांनाच दिसायचं आणि बाकीचे फॉर्मलिनने डोळे चोळत आकृत्या पाठ करायचे. आता बॉडी येते तेव्हापासून मी असते. देहदानाचा फोन बहुतेक वेळा अवेळीच येतो, नातेवाईक डेथ सर्टिफिकेट घेऊन उभे, कुणाला काय विचारावं कळत नाही. मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांची केस असेल तर नाही म्हणावं लागतं आणि ते सांगणं फार जड जातं, कारण गेलेल्या माणसाची इच्छा पूर्ण करायला आलेले असतात ना ते. मग आमच्या हॉलचे शिपाई मामा आणि मी मांडीत छेद देऊन फीमोरल आर्टरी (तिथली मोठी धमनी) शोधतो, कॅन्युला म्हणजे नळी टाकतो आणि फॉर्मलिन, ग्लिसरीन, स्पिरिट वगैरेचं बॉडी टिकवणारं फ्लुइड हळूहळू सोडतो. मामांचा हात इतका बसलाय की नुसतं बोट लावून सांगतात, मॅडम पायापर्यंत पोचलं नाहीये.

पण कंटाळा का येत नाही ते सांगते. पुस्तकात एकच माणूस असतो, टेबलावर दर वेळी वेगळा. पामारिस लाँगस हा स्नायू काहींच्या हातात नसतोच, ब्रेकियल आर्टरी म्हणजे दंडातली धमनी कुणाची दंडातच वर दुभागलेली. मध्यंतरी एका मानेत उजवी रिकरंट लॅरिंजियल, म्हणजे स्वरयंत्राची नर्व्ह शोधत होते, ती सबक्लेव्हियन (हाताकडे जाणारी धमनी) खालून वळून वर जाते तो लूप काही सापडेना. नीट साफ करून बघते तर नर्व्ह व्हेगस ह्या मूळ नर्व्हपासून थेट स्वरयंत्राकडे गेलेली! मग छाती उघडल्यावर कारण दिसलं, उजवी सबक्लेव्हियन एऑर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) कमानीच्या शेवटच्या टोकाकडून निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे आलेली. गर्भात हृदय मानेतून खाली छातीत उतरतं तेव्हा आर्चच्या, म्हणजे गर्भातल्या कमानीसारख्या रक्तवाहिन्यांत अडकून ही नर्व्ह खाली ओढली जाते, डावीकडे एऑर्टाखाली, उजवीकडे सबक्लेव्हियनखाली. ह्या बाईंचा उजवा चौथा आर्च, म्हणजे उजवीकडे नर्व्ह जिच्यात अडकते ती कमानच, नाहीशी झालेली, मग अडकणार कशात? शंभरात जेमतेम एखाद्याला असं असतं. आणि त्या बाईंना आयुष्यभर ह्याचा पत्ताही नसेल. मी सगळ्या फर्स्ट इयरला बोलावून दाखवलं, निम्म्यांचा प्रश्न एकच, मॅडम परीक्षेला येईल का?

बाकी रडगाणं आहेच. हिस्टोचे (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या ऊतींचे) मेणाचे ब्लॉक, मायक्रोटोम ह्या कापायच्या यंत्रावर पाच मायक्रॉनचं सेक्शन, म्हणजे काप, धड येईपर्यंत अर्धा दिवस जातो, ब्लेड बोथट झालं की रिबनवर ओरखडे. थिसिसचं तर विचारूच नकोस. शिवाय क्लिनिकलवाल्यांनी कँटीनमध्ये "काय, आज किती कापले" असं विचारणं, ह्याचा मात्र मला खरंच राग येतो, तुझ्या बरोबरच्यांना सांगून ठेव.

आणि हो, तुझ्याकडे थायरॉइडची केस लागली आणि सीटीत उजवी सबक्लेव्हियन अशी मागून गेलेली दिसली, तर ही नर्व्ह नेहमीच्या जागी नसणार, म्हणून चाकू लावायच्या आधी मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी चालेल. दिवाळीला येणारेस का तेही कळव, तुझ्या नवऱ्याला थिसिसच्या स्टॅट्ससाठी पकडायचंय, त्याला आत्ताच सांगू नकोस.

तुझीच,
मधू