मोठ्यात मोठा आकडा कोणाचा?

संपादक महोदय,

उन्हाळ्यात आमच्या नागपुरात दुपारी पोट्टे बाहेर निघू शकत नाहीत, मग कूलरसमोर बसून एकच भांडण, मोठ्यात मोठा आकडा कोण सांगते. एक म्हणते शंभर परार्ध, दुसरा म्हणते त्याच्यावर एक, अन् तिसरा अनंत बोलून मोकळा! आता अनंत हा आकडाच नाही ना राजेहो, अन् 'प्लस वन' म्हणजे शुद्ध चिटिंग.

पण हा खेळ रिकामटेकडा नाही बरं. 2007 मध्ये अमेरिकेत एमआयटीत दोन प्रोफेसरांनी फळ्यावर हेच केलं. पहिल्यानं नुसता 1 लिहिला, दुसऱ्यानं फळाभर एकच एक मांडले, तर पहिल्यानं त्यातल्या काही एकांचं बूड थोडं पुसून उद्गारचिन्हं केली, म्हणजे झाले फॅक्टोरियल, एकापासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार! शेवटी दुसरे, म्हणजे अगुस्तिन रायो जिंकले, अन् त्यांचा आकडा तर लिहून दाखवताच येत नाही, फक्त व्याख्या सांगता येते. आपल्याकडेही 'ललितविस्तर' या बुद्धचरित्राच्या जुन्या ग्रंथात सिद्धार्थ गणितज्ञ अर्जुनाला तल्लक्षणापर्यंत मोजून दाखवतो, म्हणजे 1 वर 53 शून्य.

शाळेत मात्र घातांक म्हटलं की पोरं जांभया देतात. त्यांना फक्त तीन नऊ घातांकात एकावर एक चढवायला सांगा, उत्तरात 36 कोटींहून जास्त अंक येतात, एवढा कागद कुठून आणता?

म्हणून आपल्या बालपुरवणीत अशी स्पर्धा घ्याच. एका पोस्टकार्डावर मावेल तेवढंच लिहायचं, अनंत बाद, प्लस वन बाद. परीक्षक मात्र गणितवालाच ठेवा, नाहीतर जास्त शून्यवाल्यालाच बक्षीस देऊन टाकाल.

– एक वाचक, नागपूर